कोंबडाछापचा पंच

बिअरच्या गोदामात कामाला जातोय, हे पंचाने बायकोला सांगितलं नव्हतं. "छोटं काम आहे, सहापर्यंत येतो," एवढंच म्हणून तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघाला. यात खोटं काही नव्हतं. काम छोटंच होतं आणि सहापर्यंत परतायचा त्याचा बेतही पक्का होता. पण माणूस नऊ वर्षं दारूशिवाय कोरडा राहिला तरी बायकोसमोर 'बिअर' हा शब्द काढताना त्याची जीभ अडते, आणि मग तो अर्धं वाक्य गिळून टाकतो. पंचाने तेच केलं.

पंच हे त्याचं खरं नाव नव्हे. धंद्याने तो फ्रीज आणि शीतखोल्या दुरुस्त करणारा. गिऱ्हाइकं त्याला 'फ्रीजवाले' म्हणत. पंच हे नाव पिण्याच्या दिवसांतलं. डोळ्यांवर रुमाल बांधून समोर पेले मांडले, तर कुठल्या पेल्यात कुठली बिअर आहे हे तो एकेका घोटात सांगायचा. टेबलावर वाद पेटला की सगळे त्याच्याकडे वळायचे आणि तो निकाल द्यायचा. घरात त्याच्या शब्दाला काडीची किंमत नव्हती, पण त्या टेबलावर त्याचा शब्द शेवटचा असायचा. पुढे ते टेबल मोडलं, मंडळी पांगली, आणि त्या नावाने हाक मारणारा एकटा पिंप उरला. पिंपाला पिंप का म्हणत, ते तो दारातून आत येताना बघितलं की समजे.

पिंप या गोदामाचा स्टोअरकीपर. फोन त्यानेच केला होता. "शीतखोलीचा आतला दांडा वाकलाय रे. आत अडकलो तर मरायची पाळी. मालक म्हणाला कंपनीचा माणूस बोलवू, मी म्हटलं माझा माणूस असताना कंपनी कशाला? ये ना लेका, तुझं तोंड तरी दिसेल."

आजचा दिवस नको, असं पंचाला वाटलं होतं. आज संध्याकाळी सातला लेक येणार होती, चार महिन्यांच्या बाळाला घेऊन. येत्या सोमवारपासून तिची नोकरी परत सुरू होत होती. एवढ्याशा जिवाला पाळणाघरात टाकायला तिचं मन धजेना, आणि आईचे गुडघे असे की बाळाला घेऊन उठायचं म्हटलं की भिंत धरावी लागे. म्हणजे सकाळी बाळाला सांभाळायचं झालं तर ते पंचालाच. दुपारनंतरची कामं घ्यायची आणि सकाळ नातवाची, असं त्याने मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं. लेक मात्र फोनवर एवढंच म्हणाली होती, "आधी एकदा येऊन बघते बाबा, मग ठरवू." काय बघायचं होतं, ते तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. दोघांनाही ते ठाऊक होतं.

तरीही तो गेला. आतून न उघडणारी शीतखोली तशीच सोडणं त्याच्या धंद्याला शोभणारं नव्हतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे, मला आता बिअरच्या गोदामात उभं राहूनही काही होत नाही, हे त्याला स्वतःला दाखवायचं होतं. हे दुसरं कारण त्याने स्वतःपासूनही बऱ्यापैकी लपवलं.

काम सरळ होतं. शीतखोलीच्या जाड दाराला बाहेरून मूठ असते. आत अडकलेल्या माणसासाठी दारातून आरपार एक दांडा असतो. आतून तो ढकलला की बाहेरची खीळ उचलली जाते. पंचाने वाकलेला दांडा काढला, बाहेर पोत्यावर पिशवीशेजारी ठेवला, दाराखाली लाकडाची पाचर ठोकली आणि भोकात गंज आहे का ते बघायला आत गेला.

"पिंपा, जरा टॉर्च धर रे आतून."

पिंप टॉर्च घेऊन आला. या गोदामात त्याची वीस वर्षं गेली होती, आणि त्यातली निम्मी मालकाचं एकच वाक्य ऐकण्यात: दार लाव, थंडी बाहेर जाते, वीज काय फुकट आहे? त्यामुळे शीतखोलीत शिरलं की पिंपाचा पाय डोक्याला न विचारता काम करायचा. त्याने बुटाच्या टोकाने पाचर उडवली आणि टाचेने दार मागे ढकललं. खीळ पडल्याचा आवाज आला, बिनतोड, जाडजूड आवाज. पंच जागच्या जागी थिजला.

"हं, कुठे धरू टॉर्च?" पिंप म्हणाला.

पंचाने त्याच्याकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. दाराला जिथे दांडा असायला हवा तिथे अंगठा जाईल एवढं भोक होतं, आणि दांडा बाहेर पोत्यावर आराम करत होता.

"पिंपा," तो शक्य तितक्या शांतपणे म्हणाला, "तू आत्ता काय केलंस, कळलं का तुला?"

कळायला पिंपाला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्याने दारावर आधी थापा मारल्या, मग बुक्के, मग खांदा. त्याच्या खांद्याने साधं दार मोडलं असतं, पण हे दार थंडी अडवायला बनवलेलं होतं, त्याच्यापुढे पिंपाचं काय चालणार! पंचाचा फोन पिशवीत होता. पिंपाचा ऑफिसात चार्जिंगला होता. मालक गावाला गेलेला. ड्रायव्हर शनिवारी गाडी परस्पर घरी नेतो आणि एकदम सोमवारी उगवतो.

"तुझी बायको बघायला येईल ना?" पिंपाने विचारलं. "तिला माहीत असेलच तू इथे आहेस ते."

निघताना गिळलेलं अर्धं वाक्य आता पंचाच्या घशात येऊन बसलं होतं.

त्यांनी खिसे चाचपले. पंचाकडे पेन निघालं, ते भोकात घातलं तर टोकापर्यंतही पोचेना. पिंपाच्या किल्ल्या आखूड, कंबरपट्टा लिबलिबीत. बाकी खोलीत छतापर्यंत क्रेटच क्रेट, आणि वर कोपऱ्यात घों घों करणारं थंडीचं यंत्र, म्हणजे लोखंडी जाळीमागे फिरणारा पंखा. त्याचं बटण बाहेर. ज्या यंत्राची आयुष्यभर चाकरी केली तेच आता आपल्या अंगावर थंडी फेकतंय, याचा पंचाला मनापासून राग आला.

पिंपाचा धीर सुटला तसा त्याचा हात सवयीने क्रेटकडे गेला. किल्ल्यांच्या जुडग्यातल्या ओपनरने त्याने एक बाटली उघडली.

"थंडीवर उपाय," तो म्हणाला.

"थंड बिअर पिऊन अंग गरम होत नाही, गाढवा. उलट आणखी गारठशील."

"गारठलो तर गारठलो. निदान वाईट तरी वाटणार नाही." पिंपाने एक लांब घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ही लाल पट्टीवाली. आठवते? आपण हिला काय म्हणायचो?"

"धुणं," पंच म्हणाला. म्हणजे त्याच्या तोंडातून निघूनच गेलं.

"धुणं! बरोब्बर! धुण्याचं शेवटचं पाणी!" पिंप असा हसला की त्याचं पोट हललं. "आणि हिरव्या बाटलीची?"

"ती पहिल्या घोटाला बरी. दुसऱ्या घोटाला कडू, आणि बाटली अर्धी झाली की तोंडात पितळेचा चमचा धरल्यासारखी." पंच क्रेटवर बसला. हात काखेत घातले. "वाईट नव्हती, पण कोमट झाली की संपली. धुणं कोमट झालं तरी धुणंच राहायचं, एवढा तिचा गुण."

"आणि काळ्या झाकणाची?"

"ती बिअर नव्हेच. डोकं फोडायचं हत्यार. पगाराच्या दिवशी प्यायची, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकायची."

बोलताना त्याला छान वाटत होतं, हे कबूल करायला हवं. नऊ वर्षांत त्याला या विषयावर कुणी काही विचारलं नव्हतं. घरी हा विषय म्हणजे झाकून ठेवलेलं गटार. इथे पिंप एकेक बाटली पुढे धरत होता आणि पंच न पिता, नुसता रंग बघून, फेस बघून चवी सांगत होता. एकही चुकली नाही. विसरलो म्हणता म्हणता सगळं जिथल्या तिथे होतं, याचा त्याला आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली.

"वीज गेली होती त्या उन्हाळ्यात तू मोजे भिजवले होतेस," पिंप म्हणाला. "बाटल्या ओल्या मोज्यांत घालून खिडकीत वाऱ्याला ठेवल्या. काय गार झाल्या होत्या! फ्रीजवाल्याचं डोकं!"

"मोजे तुझे होते."

"मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू चव छान आहे म्हणाला होतास."

दोघंही हसले. हसता हसता पंचाचे दात वाजायला लागले. पिंपाने आपली कानटोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली. "पहिली तहान म्हणून," तो बोटांवर मोजत म्हणाला, "दुसरी चव म्हणून, तिसरी वाटेत लागेल म्हणून आणि चौथी तिसरीला एकटं वाटू नये म्हणून. तूच म्हणायचास हे, पंचा. काय दिवस होते!"

काय दिवस होते, हे पंचालाही आठवत होतं. चौथीनंतर जिना चढताना कठडा धरायचा, दारापाशी उभं राहून श्वास नीट करायचा. दार बायको उघडायची आणि त्याच्याकडे न बघता आत जायची. मग आतून तिचा आवाज यायचा, "बघ गं जरा." आणि सात वर्षांची लेक दोन वेण्या घालून समोर यायची. "बाबा, हा करा." तो खाली वाकायचा, हा करायचा. ती नाक पुढे करायची आणि आत ओरडून सांगायची, "नाही आई, वास नाही." मग ताट वाढलं जायचं. रोजचा नेम होता तो. निघताना पिंप त्याच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवायचा, आणि त्या एका गोळीवर आपण दोघींना गुंडाळतो असं पंच समजायचा. त्या चलाखीचा त्याला तेव्हा थोडा अभिमानही होता.

"हे बघ," पिंप म्हणाला आणि त्याने मागच्या क्रेटमधून एक बाटली काढली. "ओळख."

लेबल नवं होतं, चकचकीत, पण चित्र तेच. मान ताठ केलेला कोंबडा. कोंबडाछाप ही त्यांची रोजची बिअर, घरच्यासारखी.

"कारखाना विकला," पिंप सांगत होता. "नवीन लोक आले. गिऱ्हाइकं म्हणतात चव गेली. मी म्हणतो तीच आहे, फक्त कपडे नवे. मालकाशी माझी पैज लागलीय. मी त्याला म्हटलं, याचा निकाल देणारा माणूस जगात एकच आहे."

"जुन्या कोंबड्याला शेवटी करपलेल्या पावाची चव यायची," पंच हळूच म्हणाला. "पावाची कड करपते ना, तेवढीच. गिळल्यानंतर यायची."

"बघ! हे कुणाला सांगता येईल? मला येईल?" पिंपाने बाटली उघडली आणि त्याच्या हातात दिली. ओपनर लावलेलं जुडगंही त्याच्याच मांडीवर टाकलं. "घोटभर घे. पिऊ नकोस, नुसती चव घे. थुंकून टाक हवं तर. तू पितोयस असं नाही, तू निकाल देतोयस."

बाहेर असता तर पंच उठून गेला असता. नऊ वर्षं त्याने हेच केलं होतं. लग्नात, पार्टीत, नळाच्या दुकानात कुणी बाटली काढली तरी तो उठून जायचा. उठून जाणं हीच त्याची सगळी विद्या. आता उठून जायला दारच नव्हतं. आणि समोर कुणी पी म्हणत नव्हतं, फक्त मत विचारत होतं. नुसती तहान असती तर ती त्याने सहज जिंकली असती. मत विचारलेलं मात्र त्याला फार वर्षांनी मिळत होतं.

त्याने बाटली नाकाशी नेली. वास तोच होता. म्हणजे बहुतेक तोच. वासावरून शेवटची चव कळत नाही, ती गिळल्यावरच कळते. सहा वाजून गेले असतील. लेक निघाली असेल. सोमवारपर्यंत दार उघडत नसेल तर कोण बघतंय, असं त्याच्या मनात स्वच्छ येऊन गेलं. बाटलीचं तोंड ओठांना लागलं, इतकं गार की ओठ चिकटतात की काय असं वाटलं.

पिंप डोळे बारीक करून बघत होता, अगदी जुन्या टेबलावर बघायचा तसा. "घे रे. घरी काही कळत नाही. माझ्याकडे पेपरमिंट आहेत अजून. तुझ्या लेकीमुळे लागलेली सवय."

बाटली थांबली. "लेकीमुळे?"

"तुला माहीत नाही?" पिंपाला भलतीच मजा वाटली. "अरे, एवढीशी होती. शाळेतून येताना माझ्या दारात आली. मूठ उघडली, त्यात पेपरमिंट. मला म्हणते, काका, बाबा घरी निघाले की त्यांना ही देत जा ना. म्हटलं, का गं? तर म्हणते, खूप वास येतो, मग मला खोटं बोलताना रडू येतं." पिंप हसत होता. "खाऊचे पैसे वाचवून आणायची पोरगी. मी म्हटलं, राहू दे तुझे, मीच आणीन. काय हुशार पोर रे! मी कितीतरी जणांना सांगितलंय हे."

पंच हसला नाही. त्याने बाटली ओठांपासून काढली आणि खाली फरशीवर ठेवली, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, तो बायकोला आणि लेकीला फसवत होता. त्याने कुणालाच फसवलं नव्हतं. एक पोर रोज संध्याकाळी त्याच्यासाठी रडू गिळत होती, आणि तो तिच्या डोक्यावर टपली मारून जेवायला बसत होता. त्याला अंगभर लाज वाटली, थंडीपेक्षाही जास्त झोंबणारी.

"काय झालं रे?" पिंपाचं हसू विरलं.

पंच उठून उभा राहिला. मांडीवरचं जुडगं फरशीवर पडलं. ते उचलताना त्याने ओपनरची चपटी कड बघितली, मग वर बघितलं, आणि त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. जाळी! पंख्याची लोखंडी जाळी मगापासून डोक्यावर होती, तिला आडवी एक सरळ, जाड तार होती, आणि हा शहाणा, ज्याचा जन्म असल्या जाळ्या काढण्यात गेला, तो बसून बाटल्यांचे रंग ओळखत होता.

"क्रेट रच," तो म्हणाला. "जिन्यासारखे. भरलेले खाली."

बर्फ साचू नये म्हणून हा पंखा मधूनमधून आपणहून थांबतो. पंच क्रेटवर चढून त्या क्षणाची वाट बघत राहिला. पंखा थांबला तसा त्याने ओपनरच्या कडेने स्क्रू फिरवायला घेतले. बोटं बधिर झाली होती, ओपनर दोनदा निसटला. शेवटचा स्क्रू निघाला, जाळी हातात आली आणि तेवढ्यात पंखा तोंडासमोर पुन्हा घोंघावत सुरू झाला. पंच दचकून मागे झाला. पिंपाने रचलेला जिना पिंपासारखाच होता, खाली भक्कम आणि वर डुगडुगणारा. तो कोसळला. जाळी, पंच आणि दोन क्रेट एकदम खाली आले.

लागलं फारसं नाही, पण बाटल्या फुटल्या. पंच उठून बसला तेव्हा केसांपासून मोज्यांपर्यंत बिअर निथळत होती. कोंबडाछापच होती ती. ओठांवर ओघळ आला, तो त्याने बाहीने पुसला. मग बाहीही ओलीच आहे हे लक्षात येऊन थुंकला, परत परत थुंकला. जाळीची आडवी तार वाकवून वाकवून तोडली, भोकात घातली आणि ढकलली. पहिल्यांदा हुकली. दुसऱ्यांदा खीळ उचलली गेल्याचं त्याला बोटांत जाणवलं.

बाहेरची हवा इतकी कोमट लागली की पिंपाच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून गेले होते.

"हे घाल," पिंपाने ऑफिसातून एक कोरा टीशर्ट आणला. छातीवर हातभर उंच बाटली छापलेली होती आणि तिच्यावर कोंबडा आरवत होता. पंचाने तो उलटा करून घातला. पँटला इलाज नव्हता. नळाखाली डोकं धरलं, पण बिअर केसांतून जाते आणि वास मागे ठेवते. पिशवीतून आणलेला नवा दांडा मात्र त्याने बसवला, दोनदा ढकलून बघितला, मगच पिशवी उचलली.

निघताना पिंपाचा हात सवयीने खिशात गेला आणि त्याने पंचाच्या तळहातावर पेपरमिंटची गोळी ठेवली. पंचाची बोटंही सवयीने मिटली. मग त्याने मूठ उघडली आणि गोळी परत दिली. आज तो प्यायला नाही याला त्याचा श्वास हाच एकमेव साक्षीदार होता. त्याला झाकून कसं चालेल?

दार बायकोने उघडलं. "किती वेळ! फोन का नाही..." एवढं म्हणून ती थांबली. तिचं नाक हललं. चेहऱ्यावर राग आला असता तर पंचाला बरं वाटलं असतं. राग नाही आला. चेहरा मिटला, नऊ वर्षांपूर्वी मिटायचा तसाच, आणि ती त्याच्याकडे न बघता आत गेली.

लेक खिडकीपाशी बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. खोलीत वास पोचला तसा तिचा बाळाच्या पाठीवरून फिरणारा हात थांबला.

"शीतखोलीत अडकलो होतो," पंच म्हणाला. "दांडा बाहेर राहिला, पिंपाने दार लावलं. मग वरची जाळी काढायला चढलो तर क्रेट पडले अंगावर..." बोलता बोलता त्याला आपलंच बोलणं ऐकू आलं. पूर्वी तो याहून बऱ्या थापा मारायचा. खऱ्याला काही आकारच नव्हता.

बायको खुर्चीवर बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीकडे बघत. "बघ गं जरा," ती म्हणाली.

लेक तिशी ओलांडलेली बाई, खांद्यावर स्वतःचं मूल. तरी तिचे पाय निघाले. दोन पावलं ती आली आणि मग स्वतःच दचकल्यासारखी थांबली.

"नाही आई. मी नाही."

"बरोबर आहे," पंच म्हणाला. "तू नको. पिंपाने आज मला पेपरमिंटचं सांगितलं." त्याचा आवाज फुटला, त्याने तो फुटू दिला. "मला माहीत नव्हतं गं."

लेकीचा चेहरा लाल झाला. आईकडे बघून ती म्हणाली, "आई, मी तुला खोटं सांगायचे. रोज."

"मला माहीत होतं."

"तुला माहीत होतं?" लेकीचा आवाज चढला, बाळ हललं, तो तिने खाली आणला. "मग मला का पाठवायचीस?"

बायको बराच वेळ गुडघा चोळत राहिली. "मी स्वतः वास घेतला असता तर मला खरं कळलं असतं," ती म्हणाली. "कळल्यावर काहीतरी करायला लागलं असतं. काय केलं असतं मी? कुठे गेले असते तुला घेऊन? तू नाही म्हणायचीस, मी पानं वाढायचे. दिवस जायचा एक."

पंचाला वाटलं, मगाशी ज्या खोलीतून सुटलो तिला निदान दार तरी होतं. या दोघींना त्याने वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं होतं, आणि रोज संध्याकाळी बाहेरून बेल वाजवून तो आत येत होता.

मग बायको भिंत धरून उठली. तिला यायला वेळ लागला. ती त्याच्या अगदी समोर उभी राहिली, इतकी जवळ की तिच्या कपाळावरची नवी रेष त्याला दिसली.

"हा करा," ती म्हणाली.

पंच खाली वाकला. दात अजून वाजत होते. त्याने हा केला.

तिने डोळे मिटून वास घेतला. "नाही," ती म्हणाली.

लेकीने आईकडे बघितलं. तोच शब्द, तोच स्वर. तिच्याइतका तो कुणाच्या ओळखीचा असणार? आई खरं बोलतेय की दिवस ढकलतेय, ते आईच्या तोंडावरून कळायचा काहीच मार्ग नव्हता. पंचानेही तो विचार लेकीच्या डोळ्यांत येताना बघितला. या घरातला 'नाही' त्यानेच इतका झिजवला होता.

लेकीने बाळ आईच्या हातात दिलं. आईला भिंतीला टेकून नीट उभं केलं. मग ती स्वतः त्याच्यापुढे आली, कुणी पाठवलं म्हणून नव्हे.

"परत करा."

त्याने केला. तिने कपडे बाजूला सारल्यासारखा तो बिअरचा वास बाजूला ठेवला आणि त्याच्या श्वासाचा वास घेतला, शांतपणे, पुरता. पंच वाकून उभा होता, तिने हो म्हणावं की नाही म्हणावं हे तिच्यावर सोडून. ती दोन्ही म्हणाली नाही.

"आधी आंघोळ करा," ती म्हणाली, आणि नाक पुसत वळली. "गरम पाण्याने. मग घ्या त्याला. सोमवारी मी आठला आणून सोडणार आहे, तोवर त्याला तुमची ओळख व्हायला हवी. आणि दारात वास मी रोज घेणार. मला स्वतःला घ्यायचाय म्हणून."

"घे," पंच म्हणाला.

तो बाथरूममध्ये गेला. हात कडीकडे गेला होता, तो त्याने मागे घेतला आणि दार नुसतं लोटून ठेवलं.